गाढ झोपलेली मुलं

कोपरीतल्या कलावतीमावशी नोकरदार आईबापांची मुलं सांभाळायच्या. महिन्याला आठ हजार घ्यायच्या आणि तीनच मुलं ठेवायच्या. योगिनी आपल्या दहा महिन्यांच्या नयनसाठी विचारायला आली आणि दर ऐकून म्हणाली, "मावशी, समोरच्या बिल्डिंगमधल्या नव्या बाई तर चार हजारांत ठेवतात."

"माझ्याच्याने त्यात नाही व्हायचं गं," मावशी म्हणाल्या.

नयन समोर जाऊ लागला. दुपारी कपडे वाळत घालताना मावशींचं लक्ष त्या घराकडे जायचं. आत एवढी लेकरं, पण रडणं नाही की हसणं नाही. शेवटी एक दिवस त्यांनी जाऊन बेल वाजवली. दार जरासंच उघडलं. सतरंजीवर मुलं ओळीने झोपली होती आणि बेलच्या आवाजाने एकही हललं नव्हतं. बाईला बाजूला सारून मावशींनी नयनला उचललं, तर त्याची मान लुळी पडली.

"सर्दीचं औषध दिलंय सगळ्यांना," बाई म्हणाली.

"सगळ्यांनाच सर्दी?"

मावशींनी ओरडून शेजारी गोळा केले. मुलं दवाखान्यात पोचली आणि संध्याकाळी नयन रडला, तेव्हा योगिनीही रडली. त्या गडबडीत बाई निघून गेलेली. घरमालकाकडे तिचा साधा फोटोही नव्हता.

महिन्याभराने माजिवड्याची भाची सहज म्हणाली, "आमच्याकडे एक बाई आलीये, फार स्वस्तात मुलं ठेवते."

मावशींनी नाव विचारलं. नाव वेगळं होतं. तरी त्यांनी पायात चपला सरकवल्या.