ग्लेनिसबाईंची वेडी पणजी

ग्लेनिस हेप्वर्थबाईंनी मला दोन वर्षं छळलं, आणि मी त्यांना. यॉर्कशरमधल्या एका लहान गावच्या दफ्तरखान्यात मी टेबलाशी बसतो. जुनी कागदपत्रं काढून देणं हे माझं काम असं म्हणतात, पण खरं काम नाही म्हणण्याचं. इथे पेन चालत नाही, चहा चालत नाही, ओला कोट चालत नाही. बाई हे तिन्ही घेऊन यायच्या.

चाळीस वर्षं शाळेत मुलांना जेवण वाढलेली बाई, आवाज तसाच. त्यांना हवी होती पणजीची नोंद. टॅबिथा क्लेग, लोकरीच्या गिरणीत विणकरीण, १८९१च्या नोव्हेंबरात वेड्यांच्या इस्पितळात गेली आणि परत आली नाही. घरात त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. त्यामुळे झालं असं, की ग्लेनिसबाईंची आई इडिथ जन्मभर धास्तावलेली. किल्ली हरवली तरी म्हणायची, "लागले मी आजीच्या वाटेला." वेड रक्तातून येतं असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"आई एक्क्याण्णव वर्षांची आहे रे राजा," बाई म्हणाल्या. "इस्पितळाची ती वही काढ."

"नाही काढता येत. वहीतल्या शेवटच्या नोंदीला शंभर वर्षं व्हावी लागतात. ती नोंद १९१५ची आहे."

"पणजी तर १८९२लाच गेली!"

"ती शेवटची नोंद दुसऱ्या कुणाची आहे. वही एकच."

"म्हणजे कुठल्या तरी उपटसुंभाच्या लाजेखातर मी दोन वर्षं थांबू? आणि आईनं मरायचंही थांबायचं?"

नियम मी केलेला नव्हता, पण तो बोलून दाखवायला मीच बसलो होतो. दर महिन्याला बाई यायच्या, मी नन्नाचा पाडा वाचायचो, आणि त्या मुद्दाम पेन काढून टेबलावर ठेवायच्या. एकदा तर चक्क पोर्क पाय, म्हणजे मांस भरलेली कचोरीच, खात बसल्या. मी हात टेकले.

२०१६च्या जानेवारीत, वहीची शंभर वर्षं भरल्यावर, दार उघडलं तर बाई पायरीवर. चेहरा उतरलेला. आई आता वृद्धाश्रमात होती, आणि तिथून फोन आला होता: इडिथबाईंची स्मृती गेली, जेवून उठल्या की लगेच भूक भूक करतात, सोमवारी त्यांना वरच्या मजल्यावर हलवू, जिथे दारांना कुलपं असतात. कागदावर मुलीची सही हवी.

"आई माझा हात धरून म्हणते, मला कोंडू नका. आणि मला कळत नाही रे. खरंच रक्तात असलं तर? त्या बाईला काय झालं होतं तेवढं वाच. मग सही करायची का ते बघते."

मी वही काढली. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडून कागदावर फिरलेली. मी वाचत गेलो. "'रोग्याचा भ्रम: आपल्याला उपाशी मारतात. दिवसभर एकच वाक्य, आय अ‍ॅम स्टार्व्ड. माझ्यासमोर सूप आणि पाव दिला, सगळा संपवला, तरी तेच वाक्य. भ्रम पक्का.' अरेरे! बिचारीची भूकच भागत नव्हती."

"भूक? कसली भूक? तू मूळचा कुठला रे?"

"केंटचा. पण तीस वर्षं झाली इथे."

"तीस वर्षं राहून दगडच राहिलास! स्टार्व्ड म्हणजे गारठलेली! लंडनकडे असेल भुकेनं मरणं. आमच्या म्हाताऱ्या बायका थंडीनं काकडल्या की हेच म्हणतात. माझी आई तर अजून..."

वाक्य अर्धवट सोडून बाईंनी पर्समधून फोन काढला. वाचनाच्या खोलीत फोन चालत नाही. मी नुसतं दार लोटून घेतलं.

"इडिथची मुलगी बोलतेय. आई जेवल्यावर काय म्हणते?"

पलीकडे वृद्धाश्रमातली एक तरुण बाई होती, बोलण्यावरून आमच्याकडचीच, म्हणजे दक्षिणेची. आवाज मलाही ऐकू येत होता. "भूक लागली म्हणतात. नोंदवहीत आहे."

"तुझी वही राहू दे. तिच्या तोंडचे शब्द सांग!"

"'आय अ‍ॅम स्टार्व्ड' म्हणतात. आम्ही लगेच बिस्किटं देतो. त्या फेकतात."

"फेकेल नाही तर काय ओवाळेल? तिची खुर्ची कुठे आहे?"

"खिडकीशी. बाग दिसावी म्हणून. आणि खिडकी उघडी ठेवतो, ताजी हवा यावी म्हणून."

यावर बाई जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. मला राग आला तो त्या मुलीचा नाही, माझाच. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरला नावं ठेवण्याआधी मीही अगदी त्याच्यासारखंच वाचलं होतं.

सही झाली नाही. दुसऱ्या दिवशी बाई सांगायला आल्या. आई आता हीटरजवळ बसते, अंगात दोन स्वेटर, आणि कालपासून तिनं ते वाक्य एकदाही म्हटलं नाही. बाईंनी तिला सगळं वाचून दाखवलं. तुझी आजी वेडी नव्हती गं, तिला नुसती थंडी वाजत होती. शेवटची ओळही वाचली: फेब्रुवारी, फुप्फुसांना सूज, मृत्यू.

"मला वाटलं, आई सुटल्यासारखी हसेल," ग्लेनिसबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पेन काढलं नाही. "जन्मभराचं भूत उतरलं ना मानेवरून. पण ती मला विचारते, 'एवढी म्हणत होती, तर तिला कुणीच शाल दिली नाही?'"