मुद्दाम बंद केलेला पंप

सूनबाई कामावर नेमकं काय करते, याची सासूबाईंनी कधी फारशी चौकशी केली नव्हती. शेजारणींनी विचारलं की त्या सांगत, "इंजिनिअर आहे, गावाला पाणी सोडते." जणू सून डबा घेऊन जाते, एक नळ फिरवते आणि संध्याकाळी घरी येते.

पण एकदा जेवताना सूनबाई सहज बोलून गेली, "मंगळवारी मोठा पंप बंद करणार आहोत. दरवर्षी करतो तसा."

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. "बिघडलाय?"

"छे, ठणठणीत आहे. मुद्दामच बंद करायचा. तो कधी पडलाच, तर राखीव पंप गाव सांभाळतो का ते बघायला."

"मंगळवारी ह्यांचं डायलिसिस असतं."

"माहीत आहे, आई."

त्या यंत्राला पिंपंच्या पिंपं पाणी लागतं, हे सासूबाईंना नर्सने सांगितलं होतं. पाणी नाही तर यंत्र नाही, आणि यंत्र नाही तर पुढचं त्यांना मनातसुद्धा आणवत नव्हतं.

"मलाही विचारा कुणीतरी," सासरे म्हणाले, "रक्त माझं धुतलं जाणार आहे."

"तुम्ही गप्प बसा. रविवारी कर की गं. कुणाचं अडणार नाही."

"खरा बिघाड रविवार बघून येईल का? आणि मंगळवारी आपले बाबा असतात, तसे बुधवारी दुसऱ्या कुणाचे तरी बाबा असतात तिथे. दवाखान्याची टाकी मी आधी काठोकाठ भरून घेतेय. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे तुमच्याकडूनच शिकले."

"खणलेली विहीर बुजवून बघ, असं नव्हतं सांगितलं मी."

मंगळवारी मुलगा सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात गेला. सासूबाई मात्र चपला घालून सूनबाईच्या शेजारी उभ्या राहिल्या. "माझ्या डोळ्यांदेखत बंद कर," त्या म्हणाल्या. सूनबाईने हसून स्कूटर काढली.

पंपघरात पाऊल टाकलं आणि सासूबाई मान वर करून बघतच राहिल्या. देवळाच्या गाभाऱ्यासारखी उंच, गार खोली. मधोमध हत्तीएवढा पंप, आणि त्याची घरघर कानांना नव्हे, तळपायांना ऐकू येत होती. माणूस आत वाकून चालत जाईल एवढे नळ भिंतीतून बाहेर, थेट गावाकडे. आपण भांडी विसळताना जी करंगळीएवढी धार सोडतो, ती इथून निघते? आणि आपण साधं कधी मनात तरी आणलं का?

सूनबाईने मान हलवली. कुणीतरी बटण दाबलं. घरघर उतरत उतरत विझली.

राखीव पंप लगेच सुरू झाला. आता त्याच्या पुढचा व्हॉल्व्ह उघडला की पाणी गावाकडे निघणार होतं. पण फिटरकाकांनी व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला आणि चाक हलेना. दोघे लागले, तिघे लागले, तरी ढिम्म.

"मोठाच चालू कर ना परत," सासूबाई कुजबुजल्या.

"एवढी मोटर थांबली की निवेपर्यंत चालू करता येत नाही, आई." सूनबाईने चाकाखालच्या दांड्यावर बोट फिरवलं. निळ्या रंगाचा जाड थर कधीच वाळून बसला होता, त्याखाली आटे कुठे दिसेचनात. "हा कोणी रंगवला?"

फिटरकाकांनी मान खाली घातली. "मीच, मॅडम. तपासणीला साहेब येणार होते. म्हटलं, राखीव आहे, नुसता उभाच असतो, निदान छान तरी दिसू दे. दोन हात जास्तच मारले."

सासूबाईंना वाटलं, आता कडाडणार ही. घरात दूध उतू गेलं तरी आपण किती बोलतो. पण सूनबाई म्हणाली, "बरं झालं, आज कळलं. रॉकेल आणा. तारेचा ब्रश आणा." आणि ओढणी कमरेला खोचून स्वतःच दांडा खरवडू लागली.

मुलाचा फोन आला. दवाखान्याची टाकी अर्ध्याखाली गेली होती. सासूबाईंनी फोन कानाला धरला होता आणि डोळे सुनेच्या हातांवर. ते हात घाई करत नव्हते आणि थांबतही नव्हते. रंगाचे पापुद्रे जमिनीवर पडत होते. मग चाकाच्या आऱ्यांत लांब पाइप अडकवून सगळ्यांनी जोर लावला. आधी एक करकर. मग चाक इंचभर सरकलं, मग अजून, आणि एकदम मोकळं झालं.

"इथे हात लावा, आई."

सासूबाईंनी नळावर तळवा टेकला. लोखंड आतून थरथरत होतं. अख्ख्या गावाचं पाणी त्यांच्या हाताखालून चाललं होतं. बऱ्याच वेळाने मुलगा फोनवर म्हणाला, "टाकीत धार पडतेय." तरी त्यांनी हात काढला नाही.

दवाखान्यात सासरे नुकतेच झोपेतून उठले होते. "काय गं, कधी बंद करणार आहेत तो पंप?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती हाताचा निळा रंग नखाने काढत होती. ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यांना पत्ताही नाही, आणि पत्ता नाही हेच तिचं काम फत्ते झाल्याचं लक्षण. असली नोकरी असते तरी कशी, त्यांना नवलच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या. त्या ओट्याला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता.

"अहो," त्यांनी हाक मारली, "आज मी बंद आहे. चहा तुम्ही करा."

"बरं नाहीये का तुला?"

"ठणठणीत आहे. म्हणूनच. चुकलं तर मी समोर बसलेय."

सासऱ्यांनी साखरेच्या डब्यासाठी तीन झाकणं उघडली. सासूबाई ओठ घट्ट मिटून बसल्या. अर्धाच कप करायचा होता, डायलिसिसमुळे तेवढीच मुभा होती सासऱ्यांना. पण तो अर्धा कप होईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.