एक डिस्क आणि अकरा मोटारी

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. गिरणी बंद झाल्यावर बाबांनी कामगारांच्या घरांसाठी, घरकाम करणाऱ्या बायकांसाठी, वाकोल्यातल्या आमच्या चाळीसाठी पत्रकं काढली. आधी हाताने लिहून, पुढे घरातल्या कॉम्प्युटरवर. मी शाळेतून आले की ते पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवायचे. "ह्यात खोटं काय आहे, सांग." शुद्धलेखन नंतर.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं सावकाश झालं. यंदा कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक करायला लागली. पंधरा वर्षांची पत्रकं तिच्यावर होती. कागदी प्रती वाळवीने केव्हाच संपवल्या होत्या.

नुसत्या फाइली उचलून भागणार नव्हतं. बाबांचं मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर जुनं, कंपनी बंद, सीडीवर ओरखडे. त्या फाइली माझ्या लॅपटॉपवर उघडल्या की बाबांच्या मराठीचा रोमन अक्षरं आणि कंसांचा कचरा व्हायचा. अख्खी डिस्क, विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट, जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायची, म्हणजे क्लोन करायची, एवढाच रस्ता उरला होता.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी माझी एक मैत्रीण आहे. रविवारी सकाळी ती नवी डिस्क घेऊन आली, वायर जोडली, पेनड्राइव्हवरून क्लोनिंग सुरू करून दिलं.

"मधे बंद नाही करायचं हं. ही म्हातारी एकदा बसली तर परत उठेल याची गॅरंटी मी नाही देणार."

"किती वेळ लागेल?"

"चांगल्या डिस्कला तासभर. हिला... तू जेवून घे."

ती तिच्या पुढच्या कामाला घाटकोपरला गेली. दुपारी मुलुंडला घरकाम करणाऱ्या बायकांची सभा होती आणि मी बोलणार होते. येत नाही म्हणून कळवलं. खोलीत मी, बाबा आणि पडद्यावर टक्के दाखवणारी ती पट्टी. बारा टक्के. खराब जागा आली की डिस्क टकटक करत तिथेच घुटमळायची आणि उरलेला वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढायचा. पंखा लावायची हिंमत होईना, उगाच त्या जुन्या वायरिंगवर भार नको. घाम पुसत मी बाराचे तेरा व्हायची वाट बघत बसले.

छप्पन्न टक्क्यांवर असताना घड्याळ बघितलं, तीन वाजायला आले होते. साडेतीनला आमच्याकडे पाणी येतं, पन्नास मिनिटं. अकरा बिऱ्हाडांनी नळाला मोटार लावून घेतलीय. सगळ्या एकदम सुरू झाल्या की आठवड्यातून दोनदा तरी चाळीचा फ्यूज उडतो. आमच्या यूपीएसची बॅटरी मेलेली. नवी आणली तरी जोडायला कॉम्प्युटर बंदच करावा लागणार.

आणि या मोटारींबद्दल तीन महिन्यांपूर्वी मीच पत्रक काढलं होतं. "पाणीचोर कोण?" खाली अकरा खोल्यांचे नंबर. शेवटची ओळ: "सगळ्यांनी मोटारी बंद ठेवल्या तर सगळ्यांना पुरेल." जिन्यात स्वतः खळ लावून चिकटवलं होतं.

बाबांना पडद्यासमोर बसवून मी बाहेर पडले. तळमजल्यावरचे काका चहा पीत होते. पत्रकातला पहिला नंबर त्यांचा.

"काका, आजचा दिवस मोटार लावू नका ना. आत डिस्कचं काम चाललंय, लाइट गेली तर बाबांचं सगळं जाईल."

"सगळं म्हणजे?"

"पत्रकं."

काका मनापासून हसले. "म्हणजे आम्हाला चोर म्हणालीस ते वाचवायला आम्ही मोटार बंद ठेवायची? झकास आहे हां तुझं."

काकांनी कप खाली ठेवला. "तुझ्या बाबांनी माझ्या गिरणीच्या घराचा अर्ज लिहिला होता. तोपण आहे का त्यात?"

"असेल."

"मग जा. नाही लावत."

नऊ घरं तशीच, टोमणे खात. शेवटी वरच्या मजल्यावरची मालवणी मावशी. ती कमरेवर हात ठेवून दारातच उभी. "मोटार नाय लावली तर पाणी वर येवचा नाय. मगे काय, तू भरतलंस?"

"भरते."

"बघ हां. चौदा हंडे लागतत माका."

पाणी आलं. मोटार एकही लागली नाही. तळमजल्याला धो धो, आम्हाला बऱ्यापैकी, आणि वर मावशीच्या नळाला करंगळीएवढी धार. दोन हंडे झाले आणि तीही आटली. माझी ओळ खोटी होती. मी वर जाऊन नळ कधी बघितलाच नव्हता.

काकांच्या नळावर हंडा भरायचा, जिना चढायचा, ओतायचा, खाली यायचं. बाबा खुर्चीतून ओरडत होते. "सा... साठ!" त्यांचा आकडा ऐकून काकाही ओरडायचे, "चल गं, एकसष्ट कर!" बारा हंडे मी वर नेले. जिन्यात माझंच पत्रक अर्धवट फाटून लोंबत होतं. दर खेपेला शेवटची ओळ तोंडासमोर यायची, आणि तिच्यापासून पळायला दुसरा जिना नव्हता.

संध्याकाळी क्लोन पुरं झालं. मैत्रिणीला फोनवर विचारत विचारत जुनी डिस्क काढली, तिच्या जागी नवी लावली. कॉम्प्युटर सुरू झाला. तेच सॉफ्टवेअर, तेच फॉन्ट. काकांचा अर्ज उघडला, प्रत्येक काना-मात्रा जागेवर. बाबांनी डाव्या हाताने टेबलावर दोनदा थाप मारली.

"पाणीचोर कोण?" हेही जसंच्या तसं उतरलं होतं. मी ते डिलीट करायला गेले.

"राहू दे," बाबा म्हणाले. "लोकांनी वाचलंय ते. आता खोडून काय?" मग शेवटच्या ओळीवर बोट. "ह्यात... खोटं... काय?"

या वेळी मला सांगता आलं. ते म्हणाले, "मग... दुसरं काढ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नवं पान उघडून बसले. मागच्या पत्रकात चूक माझी होती, वरच्या मजल्याला दोनच हंडे मिळतात, तेव्हा आधी वरच्यांना चढेल एवढ्या दाबाचं पाणी मागू आणि मोटारींचं मग बोलू, असं अर्धं पान झालं. तेवढ्यात साडेतीन वाजले. अकराच्या अकरा मोटारी घुरघुरल्या आणि फ्यूज उडाला.

लाइट आल्यावर कॉम्प्युटर निमूट सुरू झाला. टकटक नाही, काही नाही. सगळी जुनी पत्रकं जागेवर होती. नवं मात्र मी सेव्ह केलं नव्हतं. वरून मावशीने हाक मारली, "गेलां काय गो तुझां सगळां?"

"एकच पान गेलं मावशी," मी ओरडले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतलं.