एका निळ्या ठिपक्यासाठी

आमच्या चेन्नईतल्या अड्यारच्या लॅबमध्ये जंतू वाढता वाढत नसत, किस्से मात्र भराभर वाढत! त्यातल्या बहुतेकांत फजिती माझीच.

माझं पीएचडीचं काम ऐकायला भारी होतं. जुलाबाच्या काही जंतूंच्या अंगावर आपल्या नसांमधल्यासारखंच एक रसायन असतं. शरीर जंतूला मारायला जातं आणि चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं. क्वचित कुणाचे पाय लुळे पडतात. असा एक बहुरूपी जंतू मला शोधायचा होता. चाचणीत त्याचा ठिपका निळा पडणार. सर म्हणाले होते, "पोंगलपर्यंत एक निळा ठिपका दाखव, नाहीतर विषय बदल!"

आई दर रविवारी सांगलीहून फोनवर विचारायची, "सापडला का गं तुझा जंतू?"

*

घरमालकीण मामी मला स्वयंपाकघरात बसवून रसम वाढायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "तू नक्की काय काम करतेस?" मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये खरं ते सांगितलं, "लोकांची शी तपासते."

दुसऱ्या दिवसापासून रसम जिन्यावर यायला लागलं!

*

या जंतूंना जास्त हवा सोसत नाही. म्हणून बंद बरणीत मेणबत्ती पेटवून त्यांना वाढवायचं. सरांच्या वाढदिवसाला केकवर लावायला मेणबत्ती मिळेना. मी धावत जाऊन बरणीतली आणली!

सरांनी फुंकर मारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मेणबत्ती कुठली ते कळल्यावर केक तसाच राहिला. बरणीतले जंतूही मेले.

*

एकदा चाचणीच्या पट्टीवरचे सगळेच ठिपके निळे! मी आणि माझी लॅबमैत्रीण सेल्वी आनंदाने थेट तिरुवल्लिकेणीला चिकन बिर्याणी खायला गेलो. परत येऊन नीट पाहिलं, तर जंतू नसलेल्या साध्या पाण्याचा ठिपकाही निळा. पट्टी धुवायलाच मी विसरले होते.

बिर्याणीही पोटाला झेपली नाही. जुलाबांनी हैराण होऊन मी सरांना फोन केला, सुट्टी मागितली. सर म्हणाले, "सुट्टी घे. सॅम्पल पाठव!"

*

पुढच्या चाचणीत पाणी कोरं, बाकी सगळे कोरे आणि एकच ठिपका गडद निळा. सेल्वीने डबीवरचं नाव वाचलं आणि "अय्यो!" म्हणून माझ्याकडेच बघत राहिली. मी आधी पायांची बोटं हलवून पाहिली. सर धावत आले.

"चालून दाखव!"

मी अख्खा कॉरिडॉर चालून दाखवला.

"गुड. आता थीसिस लिही!"

रविवारी आईचा फोन आला. "सापडला का गं?"

"सापडला, आई!"

"अगंबाई! कुणाच्या पोटात?"

"माझ्याच."

"तरी मी सांगत होते, बाहेरचं खाऊ नकोस!"