वत्सलाबाईंनी आत ठेवलेलं मार्जिन

सस्मिताचे पहिले दोन शब्द आमच्या शाळेला कितीला पडले, ते आधी मांडतो: सात महिने, बाईंनी मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून खाल्लेले डबे, पालकांच्या दोन सभा आणि माझी एक झिजलेली टेप. स्वस्तात पडले, असं मी धंदेवाईक माणूस सांगतो.

वत्सलाबाई मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. यंदा त्यांना साठ पूर्ण होत आहेत. मी शाळेचा शिंपी. एकाच मशीनवर काम करत होतो तेव्हा गणवेशांचा पहिला गठ्ठा घेऊन गेलो. बाईंनी एक सदरा उलटा करून पाहिला. "पांडुरंगराव, शिलाई छान आहे. पण आत मार्जिन ठेवलं नाहीत. पोरं वाढतात, अल्वा, नाही का?" गठ्ठा परत आला. आज माझी सहा मशीनं आहेत आणि मार्जिनशिवाय एक गणवेश बाहेर जात नाही.

बाईंची शाळाही अशीच. पोरांच्या घरी कन्नड, उर्दू, तमिळ, आमची मराठी; आणि बाकावर मुद्दाम वेगवेगळ्या भाषांची जोडी. एकाला समजलं नाही तर दोघांचाही धडा अपुरा. प्रत्येक मुलाचं बाईंकडे एक पान असतं. काल काय येत नव्हतं, आज काय आलं, एवढंच त्यावर लिहायचं. दुसऱ्या मुलाशी तुलना करायची नाही.

सस्मिताचे वडील ओडिशाहून मेटगळ्ळीच्या कारखान्यात आलेले. पोरगी वर्गात तोंडच उघडेना. सभेत एक पालक म्हणाले, "एकीसाठी सगळ्या वर्गानं थांबायचं काय? तिला दुसरीकडे पाठवा." समितीचा सदस्य म्हणून मीही मान हलवली. बाई म्हणाल्या, "स्वल्प ताळी, थांबा की. पुढच्या सभेत ठरवू."

मधल्या काळात गणवेशांची मापं घ्यायची होती. मापं लिहायला बाईंनी सस्मिताला माझ्याशेजारी बसवलं. माझ्या टेपचा पहिला इंच झिजून गेलेला, म्हणून मी एकच्या खुणेपासून धरतो आणि एक वजा करून सांगतो. सातव्या पोराला वजा करायचं विसरलो. शेजारून हळूच आवाज आला, "ओंदु कम्मी."

एक कमी. पोरीनं माझी वजाबाकी गुपचूप पकडली होती, आणि चूक सांगितली ती शाळेच्या भाषेत, कन्नडमध्ये.

दुसऱ्या सभेत मी उभा राहिलो. "या वर्गात कुणाला काय येतं ते मला विचारा. या पोरीचा पहिला शब्द या कानांनी ऐकलाय. ती जाणार असेल तर गणवेश दुसऱ्याकडून शिवून घ्या." तक्रार करणारे पालकच आधी हसले आणि त्यांनीच आधी हात वर केला. सस्मिता राहिली. यंदा वार्षिक समारंभात पाहुण्यांचं स्वागत तिनंच केलं, कन्नडमध्ये आणि मग ओडियात. तिचे वडील शेवटच्या रांगेत उभेच होते.

तेव्हापासून बाजारात मी सांगत आलोय, की मुकी समजलेल्या पोरीला आधी ऐकलं ते मी.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, आणि त्यांच्या दिवसांनाही आत भरपूर मार्जिन असो.

हा लेख लिहिण्यासाठी मी सस्मिताचं पान मागून घेतलं. मापांच्या दिवसाआधी तीन आठवडे बाईंनी त्यावर लिहून ठेवलंय: आज सस्मितानं शेजारच्या फरहानाकडे कन्नडमध्ये खोडरबर मागितला.