सुमनमावशींची भरलेली ओटी

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईनं मला देवघरासमोर उभं करून बजावलंय. पण पोटात तरी किती वेळ ठेवू? ऐका, आणि हसायचंच असेल तर हळू हसा. आत्या पलीकडच्याच खोलीत आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडली, तेव्हापासून तिचे पाय चालत नाहीत. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, सगळं कुणीतरी धरून करावं लागतं. आई अंगणवाडीवर जाते, वडील शेतात. मग उरलं कोण? मी. यंदा माझी दहावी झाली. अकरावीला रोज एसटीनं कळंबला जायचंय, पण आत्यासाठी दिवसभराची बाई मिळाली तरच. नाहीतर माझं शिक्षण या खाटेपाशीच संपलं म्हणून समजा.

दोन बायका येऊन गेल्या. पहिली चार दिवस टिकली, दुसरी दुपारच्या जेवणापर्यंत. कारण आत्याची जीभ. दुसरीला ती म्हणाली होती, "बाई, माणूस उचलायलीस का जवारीचं पोतं?"

म्हणून तिसरी बाई येणार म्हटल्यावर आईनं आत्याकडून वचनच घेतलं. बाई घरात असेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. काम मी बघायचं. बाई आत्याला खुर्चीत नीट घेते का, वेणी घालते का, चहाचं भांडं विसळून ठेवते का. मला फक्त बघायचं होतं हो. तेवढंही जमू नये?

सुमनमावशी येडशीहून आल्या. मनगटं चांगली मजबूत. पिशवीत जेवणाचा डबा आणि घडी घातलेला जुना टॉवेल. म्हणजे आल्या आल्या कामाला लागायच्या तयारीनं आलेल्या. हे सगळं मला दिसलं. मला दिसतं सगळं, सुचत काही नाही.

आता आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग चहा. त्याआधी कामाचं काढायचं नसतं. मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, चहा मी टाकते. मी म्हणाले, तुम्ही बसा मावशी. चहा झाल्यावर त्यांनी कप उचलले, मी त्यांच्या हातातून ओढून घेतले. पाहुणीनं कप धुवायचे म्हणजे काय?

आत्यानं डोळे मोठे केले. मला वाटलं, ती सांगतेय की नुसत्या चहावर भागवू नको. मी चुरमुऱ्यांचा सुशीला करायला घेतला.

खाऊन झाल्यावर मावशींनी पदर खोचला आणि आत्याच्या खाटेपाशी गेल्या. "ताई, खुर्चीत बसायचं का?" म्हणत त्यांनी हात पुढं केला. आणि माझी लाज आडवी आली. आमच्या घरचं खाऊन हात वाळले नाहीत तोवर या बाईनं आमचं माणूस उचलायचं? "राहू द्या, मी घेते," म्हणत मी पुढं झाले. आत्याला उचललं, खुर्चीत बसवलं, पाय खुर्चीच्या खालच्या पट्टीवर ठेवले, वरून वेणीही घातली. मावशी भिंतीला टेकून बघत होत्या. आत्याचा चेहरा लालबुंद. पण वचन म्हणजे वचन.

मावशी जायला निघाल्या. पहिल्यांदा घरी आलेली बाई, मोकळ्या कपाळानं कशी पाठवू? मी हळदीकुंकू लावलं. खण, नारळ, तांदूळ घालून ओटी भरली, वाकून नमस्कार केला. मावशींनी पदर सावरला, एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पिशवीतल्या टॉवेलाकडं, आणि फाटकाकडं वळल्या. माझ्या मनात आलं, पसंत पडलो आपण त्यांना.

फाटक वाजलं तसं आत्याचं वचन सुटलं.

"अगं, कामावर ठेवायच्या बाईची ओटी भरून कुणी वाटेला लावतं का? ती समजली, ही नको म्हणायली."

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. मावशींना त्यांनीच धाडलं होतं. मावशींचा निरोप आईला सांगताना हसू त्यांच्या ओठांत मावत नव्हतं. "सुमन म्हणली, त्या घरात बाईची गरजच न्हाय. पोरगी लई गुणी हाय, मला जागचं हलू दिलं न्हाय. येडशीत एका म्हातारीला अशीच पोरगी पाहिजे. तुमची देता का, म्हणून विचारलंय."

आई हसली नाही. तिनं कळंबच्या कॉलेजचा अर्ज कपाटावरून काढला, बघितला, आणि परत कपाटावर ठेवला.

रात्रभर मला ते कपाट दिसत होतं. उद्या आई आणि मी येडशीला जाणार आहोत, मावशींना हात जोडून बोलवायला. आल्या तर या वेळी मी काय करायचं, ते पाठच केलंय. जमिनीला खिळल्यासारखं बसून राहायचं. चहा त्या करतील, कप त्या धुतील, आत्याला त्या उचलतील. कुणी कितीही हाका मारू दे, आता मी जागची उठणार ना—

"पिंके, खुर्ची आण गं."

आले, आत्या.