पायपुसण्यांसाठी मारलेली हाक

मला मागता येत नाही. पंगतीत मीठ वाढणारा माझे पान चुकवून पुढे गेला, तर त्याला हाक मारण्याऐवजी मी अळणी वरण जेवून उठतो. शाळेत आयुष्यभर मराठी शिकवले. पण खडू संपला की शिपायाला न सांगता स्वतःच कार्यालयात जाऊन आणत असे. लोक याला साधेपणा म्हणत. तो साधेपणा नव्हता, संकोच होता. त्या संकोचातूनच पुढचा प्रकार घडला, हे मला आता मान्य करावे लागते.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी अकोल्याच्या दवाखान्यात माझ्या हृदयात स्टेंट बसवला. उन्हात फिरू नका, असे डॉक्टरांनी बजावले. पुण्याच्या मुलीने मग एक चांगला फोन पाठवला आणि त्यात घरबसल्या खरेदी करण्याची ॲप भरून दिली. ज्या वयात माणसे पोथी हाती घेतात, त्या वयात मी कूपन आणि कॅशबॅक शिकलो. एकच खोबरेल तेल तीन ॲपवर तीन भावांना मिळते, हे कळले तेव्हा मला एखाद्या अवघड शब्दाची व्युत्पत्ती सापडावी तसा आनंद झाला होता. पेन्शन आम्हा दोघांना पुरून उरते; बचतीची गरज मुळीच नव्हती. माझी पत्नी विचारायची, "तुमच्या पेन्शनीले उंदीर लागले काय?" मी ऐकून न ऐकल्यासारखे करायचो.

हळूहळू ही सवय घराबाहेरही गेली. शेलूबाजारच्या चौकाजवळ ज्या जैन दुकानदाराकडे आम्ही वर्षानुवर्षे किराणा भरतो, तिथे एकदा मी तूरडाळीच्या पोत्यांमागे उभा राहून, पाठ फिरवून, फोनमध्ये डाळीचा भाव पाहत होतो. दुकानदार गल्ल्यावरून शांतपणे म्हणाला, "सर, आत नेटवर्क नाई येत. ओट्यावर उभे राहा, तिथं रेट लवकर दिसते." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तर मान वर करवेना. त्या दिवशी मी गरजेपेक्षा दुप्पट डाळ घेतली आणि घरी येऊन पत्नीला कारण सांगू शकलो नाही.

तरीही सवय सुटली नाही. उलट मला एक नवे ॲप सापडले. त्याची रीत अशी, की एखादी वस्तू निवडायची आणि तिचा दुवा ओळखीच्या माणसांना पाठवायचा. जितकी माणसे त्या दुव्यावर बोट ठेवतील, तितका भाव उतरत जातो. माझ्यासारख्याला ही रीत फारच सोयीची वाटली. तोंडाने मागायचे नव्हते, समोरच्याचा चेहरा पाहायचा नव्हता. माझ्या वतीने ॲपच मागत होते, आणि जे आपण स्वतः मागितले नाही ते मागितलेच नाही, असा सोयीचा समज मी करून घेतला होता.

त्या वैशाखात पत्नी भाचीच्या साखरपुड्याला कामरगावला गेली. गर्दीत मला अवघडल्यासारखे होते, म्हणून उन्हाचे निमित्त सांगून मी घरी राहिलो. दुपारी जेवण झाल्यावर त्या ॲपवर मला चार पायपुसणी दिसली. विटकरी रंगाची, काठाला साधी वीण. आमच्या दारातले पायपुसणे विरले होते, एवढेच खरे. चार कशाला हवी होती, हे मला तेव्हाही सांगता आले नसते. भाव उतरवण्यासाठी थोडाच अवधी होता. मी दुवा पाठवायला घेतला, तेव्हा ॲपने स्वतःच्या मराठीत एक तयार मजकूर पुढे केला: "मला वाचवायला मदत करा! माझी वेळ संपत आली आहे!"

मी तो वाचला. इथेच माझी खरी लाज आहे. न वाचता पाठवला असता तर अजाणतेपणाचा आडोसा मिळाला असता. मी तो मराठीच्या शिक्षकाप्रमाणे वाचला. अवधी या अर्थाने 'वेळ' पुल्लिंगी. तेव्हा 'माझा वेळ संपत आला आहे' असे हवे, हे मनात नोंदवले. दोन्ही उद्गारचिन्हे अनावश्यक ठरवली. यंत्राचे मराठी असेच असायचे, असे स्वतःशी हसलो. संदिग्ध वाक्यरचना मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवली होती. परंतु 'मला वाचवायला' म्हणजे मला पैसे वाचवता यावेत म्हणून, की मलाच वाचवण्यासाठी, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही. 'वेळ' स्त्रीलिंगी झाली की ती कोणती वेळ होते, हेही नाही. 'सर्वांना' या शब्दापुढे खूण आधीच केलेली होती. मी बोट ठेवले, कूलर लावला आणि आडवा झालो. फोन नेहमीप्रमाणे मुका करून ठेवला होता. अचानक वाजणारा फोन मला सोसत नाही.

जाग आली ती दार मोडल्याच्या आवाजाने. कडी निखळून फरशीवर पडली होती. उंबरठ्यात माझा एक जुना विद्यार्थी हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन उभा होता. तो शेलूबाजार ते वाशिम जीप चालवतो. त्याच्यामागे शेजारच्या काकू होत्या, त्यांच्यामागे डाळवाला दुकानदार, आणि त्याच्यामागे अंगणभर माणसे. मी लुंगी-बनियनवर खाटेवर उठून बसलो होतो.

"डोये उघडले पाहा," काकू म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकून रडू लागल्या. मघापासून त्या दार बडवत होत्या आणि कूलरच्या घरघरीत मला ऐकू गेले नव्हते, हे मागाहून कळले. फोनवर साऱ्यांचे येऊन गेलेले कॉल दिसत होते.

विद्यार्थ्याने सब्बल भिंतीला टेकवली आणि माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला. "सर, हलू नका. कुठी दुखते?"

त्या क्षणी खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. पण दार मोडले होते, इतकी माणसे उन्हात धावत आली होती, आणि सांगायचा शब्द 'पायपुसणी' हा होता. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "थोडेसे... छातीत."

पुढे मला काही करावे लागले नाही. चौघांनी उचलून जीपमध्ये निजवले. विद्यार्थी वाशिमचे प्रवासी भर रस्त्यात उतरवून आला होता. दुकानदार शटर ओढून तसाच निघाला होता. त्याच्या हाताला हळदीच्या पोत्याचा पिवळा रंग होता. त्याने माझे डोके मांडीवर घेतले आणि साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मला वारा घालू लागला. ज्याच्या पाठीमागे मी भाव पाहिले, त्याच्या मांडीवर डोके ठेवून मी आजारी असल्याचे सोंग करत होतो. मी डोळे मिटून घेतले, तर तो घाबरून माझा गाल थोपटू लागला.

चौकात ट्रकमुळे जीप अडली. तेवढ्यात विद्यार्थ्याचा फोन वाजला. पलीकडे माझी पत्नी होती. तो निरोप तिच्याही फोनवर गेला होता, हे तोवर माझ्या लक्षातही आले नव्हते. तिने फोन माझ्या कानाशी धरायला सांगितले. तिचा आवाज मी एरवी ऐकतो तसा नव्हता; एकेक शब्द ती जपून ठेवत होती.

"मी कारंज्याच्या पुढं आली," ती म्हणाली. "तुमी बोलू नका. फकस्त डोये मिटू नका. मी येऊन राह्यली."

भाचीच्या हातावर साखरेची पुडी ठेवायची सोडून ती प्रवाशांनी भरलेल्या दुसऱ्या जीपमध्ये, परक्या माणसांत, असे बोलत येत होती. तिला अजून बराच रस्ता कापायचा होता, आणि ती तो माझ्या मरणाशेजारी बसून कापत होती. मी उठून बसलो. जीप बाजूला घ्या, म्हणालो.

"मला काही झालेले नाही," मी सांगितले. "तो निरोप खरेदीचा होता. पायपुसण्यांसाठी."

विद्यार्थ्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. "कायची पायपुसनी, सर?"

मी सांगितले. भाव कसा उतरतो, दुवा कसा जातो, सगळे सांगितले. वर्गात कधी आवाज चढला नाही इतका माझा आवाज चढला होता.

"आन् छातीत दुखते म्हनलं ते?"

"ते खोटे."

दुकानदाराचा पुठ्ठा हलायचा थांबला. तो रागावेल, निदान हसेल, अशी मी वाट पाहत होतो. त्याने पत्नीचा नंबर पुन्हा लावून फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "वहिनीले आधी सांगा. आन् तुमीच सांगा."

पत्नीला माझ्या शब्दावर विश्वास बसेना. तिला धीर देण्यासाठी मी तसे बोलतो आहे, असे तिला वाटले. मला तिच्या गळ्याची शपथ घ्यावी लागली. मग ती रडली. तिच्या शेजारच्या बाया तिला विचारत होत्या, ते मला ऐकू येत होते. थोड्या वेळाने तिने विचारले, मग साऱ्या गावाला कशाला बोलावले? मी तिलाही तो शब्द सांगितला. फोन बंद झाला.

ती आली तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. मोडलेले दार काढून भिंतीला टेकवले होते. साखरपुड्याचे कुंकू तिच्या कपाळावर घामाने पसरले होते. काकू, विद्यार्थी, आणखी कोणी कोणी अजून अंगणात होते. ती कोणाशी न बोलता माझ्यासमोर आली, तिने सगळ्यांदेखत माझ्या छातीवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. मग हात काढून म्हणाली, "आता खरंच दुखलं तं कोनाले सांगान तुमी? आन् कोन येईन?"

ती आत गेली.

संध्याकाळी फोन पाहिला. काळजीने कित्येकांनी त्या दुव्यावर बोट ठेवले होते आणि पायपुसण्यांचा भाव जवळजवळ शून्यावर आला होता. वर लिहिले होते, "अभिनंदन! तुम्ही वाचलात!" मी ते ॲप काढून टाकले. मग बाकीचीही काढली. पण त्यामुळे मला हलके वाटले, असे म्हणता येणार नाही.

आमच्याकडे दुखणाईताला भेटायला जाण्याची रीत आहे, आणि बातमी पसरायला लागतो त्याहून ती मागे घ्यायला फार वेळ लागतो. आठवडाभर माणसे येत राहिली. इंझोरीहून एक जुने सहकारी शिक्षक मोसंब्यांची पिशवी घेऊन एसटीने आले. पत्नीने पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, "येईन त्याले तुमीच सांगा. मी नाई सांगत." ती चहा ठेवायची आणि स्वयंपाकघरातून ऐकत राहायची. मी प्रत्येकाला पायपुसण्यांपासून सांगत असे. कोणी पोट धरून हसले, कोणी पडेल चेहऱ्याने चहा पिऊन गेले. सहकाऱ्यांनी मोसंबी परत न्यावीत, असे मी सुचवले, तर ते म्हणाले, "ठेवा. लाजेलेही मोसंबीच लागते." त्या दिवसांत पत्नी माझ्याशी कामापुरते बोलत होती. माझा चेहरा जरा उतरलेला दिसला की ती पाहायची आणि मग नजर काढून घ्यायची. विश्वास ठेवावा की नाही, हे तिला ठरवता येत नव्हते, आणि ते मीच केले होते.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी कूलरमध्ये पाणी ओतताना माझ्या छातीत डाव्या बाजूला कळ आली. मी बादली खाली ठेवली. आधी मनात आले ते दुखण्याविषयी नव्हते; कोणी पाहिले तर नाही ना, हे आले. मी टाकीच्या कठड्यावर बसलो आणि ती कळ कोणाला न सांगता जिरून जाईल का, याची वाट पाहिली. ती जिरली नाही. पुन्हा सारा गाव अंगणात उभा राहील, आणि या वेळी हसायलाच येईल, या भीतीपोटी मी मरायलाही तयार झालो होतो.

पत्नी कपडे वाळत घालत होती. मी तिला म्हणालो, "दुखते आहे."

तिने माझ्याकडे पाहिले. "खरं?"

"खरे."

तिने पुन्हा विचारले नाही. ओला कपडा तसाच बादलीत टाकला. विद्यार्थ्याला फोन मात्र मी स्वतः लावला. मला दवाखान्यात न्याल का, असे तोंडाने, पूर्ण वाक्यात विचारले. पलीकडून तो एवढेच म्हणाला, "निघालो, सर." जीप दारात आली तेव्हा त्याच्या शेजारी दुकानदार बसला होता, या वेळीही तो शटर ओढूनच आला होता.

अकोल्याला डॉक्टरांनी सगळे तपासले. हृदय ठीक होते. भरलेली बादली उचलून स्नायू आखडला होता. बाहेर बाकावर बसलेल्या दोघांना ते मला सांगावे लागले. परतीच्या रस्त्यावर विद्यार्थ्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि अगदी आदराने विचारले, "सर, या बारीले काय होतं? चादर?"

दुकानदार हसला. पत्नीने हसू आवरायला पदर तोंडाशी नेला, पण तिला ते आवरले नाही. माझे कान तापले होते. मी खिडकीबाहेर नांगरून ठेवलेल्या काळ्या वावरांकडे पाहत राहिलो. ती हसतच होती, आणि हसता हसता तिने माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली होती, ती घर येईपर्यंत सोडली नाही.